सुमनताईंचं कुंपण

"आई गं!" मी ओरडलो, तर काचेपलीकडून उत्तर आलं, "आई पुण्यात असेल. इथे मी आहे. हात सरळ ठेव."

मिल्टन कीन्सच्या हॉस्पिटलमधली ती एक्स-रेची खोली. सकाळी ऑफिसला निघालो असताना रेडवेवर, म्हणजे तिथल्या सायकलींच्या लाल वाटेवर, बर्फावरून सायकल घसरली होती आणि मनगट सुजून भोपळी मिरचीसारखं झालं होतं. त्या परक्या खोलीत, त्या परक्या थंडीत मराठी ऐकून मी दुखणं क्षणभर विसरलोच. काचेमागून एक बुटकी, भक्कम बाई बाहेर आली. पन्नाशीची असावी. निळा युनिफॉर्म, त्यावर पेन लावलेलं, आणि बिल्ल्यावर नाव, सुमन तांबे.

"मी पुण्याचा हे कसं ओळखलंत?" मी विचारलं.

"आमच्याकडे हात मुरगळला तर 'आये' म्हणतात. 'आई गं' इतकं नाजूक पुण्यातच." मग त्यांनी फिल्म उजेडात धरली. "मोडलेलं नाही. पण बरं झालं की या हाताला काम पाहिजे. कुदळ धरलीयस कधी?"

"नाही."

"धरशील," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला गेल्या.

सुमनताई चिपळूणकडच्या एका गावातल्या. रेडिओग्राफी शिकून मुंबईत नोकरी केली आणि नव्वदच्या दशकात नवऱ्याबरोबर इंग्लंडला आल्या. नवरा, वसंतराव, अतिशय शांत माणूस. "घरात एकानेच बोलायचं असतं, नाहीतर ऐकणार कोण?" हे त्यांचं मी ऐकलेलं सगळ्यात मोठं भाषण. ताईंचा आवाज मात्र उघड्या माळावर वाढलेला होता. फोनवर बोलताना त्यांना फोनची गरज आहे असं वाटायचं नाही. हॉस्पिटलची एक सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरीदारी कुणी चिडलं, घाबरलं, की त्या म्हणायच्या, "श्वास घे. धर. आता सोड." आणि समोरचा माणूस खरोखर श्वास घ्यायचा, धरायचा आणि सोडायचा. आवाजच तसा होता.

हात बरा झाल्यावर एका शनिवारी त्या मला गाडीत घालून त्यांच्या अलॉटमेंटवर घेऊन गेल्या. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला करण्यासाठी लोकांना वाफे पाडून दिलेली कौन्सिलची जमीन. मी तोवर मिल्टन कीन्समध्ये चौकाचौकातले गोल राउंडअबाउट, ऑफिस आणि सुपरमार्केट यापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. इथे टेकाडाच्या उतारावर छोट्या छोट्या शेडा, वाटाण्याचे मांडव, गंजलेल्या झाऱ्या, आणि मधूनमधून थर्मास घेऊन बसलेली म्हातारी माणसं. फाटकापाशी डेरेक नावाचा एक उंच, निवृत्त बसड्रायव्हर उभा होता. तो अलॉटमेंटच्या कमिटीचा अध्यक्ष. ताईंना पाहताच तो म्हणाला, "जय भीम, सुमन!"

"जय भीम, डेरेक!" ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "हॅलो म्हणायचा. मी म्हटलं, माझ्याशी बोलायचं तर माझ्या पद्धतीने बोल. शिकला बिचारा."

फाटकाजवळच्या वाफ्यांना त्यांनी नाव दिलं होतं वरची वाडी. उताराच्या तळाशी झाडीला लागून जे वाफे होते ती खालची वाडी. ही नावं सगळ्यांच्या तोंडी बसली होती. डेरेकसुद्धा "लोअर वाडी" म्हणायचा. ताईंचा वाफा खालच्या वाडीत होता. त्यांच्या शेजारी ब्रिजेट नावाची आयरिश विधवा, पलीकडे एक सोमाली टॅक्सीवाला, आणि त्यानंतर नुसते ओसाड तुकडे, काटेरी जाळ्यांनी भरलेले.

"हे का सोडून गेले?" मी विचारलं.

ताई मला घेऊन त्यांच्या वालाच्या ओळीकडे गेल्या. वालाचे कोंब गुडघ्याच्या उंचीवर एकजात कापल्यासारखे खुडलेले होते. बीटची पानं नाहीत, नुसती देठं. मेथीचा वाफा तर कुणी दाढी केल्यासारखा साफ.

तेवढ्यात झाडीतून भुंकण्याचा आवाज आला. खर्जातला, एकेक सुटा.

"कुणाचा तरी कुत्रा," मी म्हटलं.

"कुत्रा कसला! भेकर आहे ते, भुंकणारं हरीण," ताई म्हणाल्या. "इथले लोक मंटजॅक म्हणतात. आमच्या रानातलं तांबूस, हे जरा ठेंगणं. पण भुंकणं तेच. पहिल्यांदा ऐकलं ना, तेव्हा मला कुणीतरी गावाहून हाक मारतंय असं वाटलं. आनंदाने रडायला आलं. आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर सगळा वाल गेला होता. तेव्हाही रडायलाच आलं."

हे बोलताना त्या हसत होत्या. त्या भेकरांवर त्यांचा राग मला कधीच दिसला नाही. "त्याला पोट आहे, त्याला झाडी आहे, तो येणारच," त्या म्हणत. "कुंपण माणसांनी घालायचं असतं." त्यांच्या हातात कायम एक बिलहुक असायची. जुन्या वस्तूंच्या बाजारात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा त्या भर गर्दीत ओरडल्या होत्या, "अहो, ही तर कोयती!" वसंतरावांनी न बोलता ती विकत घेतली होती.

त्या वसंतात कमिटीची एक योजना आली. डेरेकनेच ती ताईंना येऊन सांगितली, मान खाली घालून. भेकरांच्या त्रासाने दर वर्षी माणसं वाफे सोडत होती. निम्मी जागा ओसाड पडली तर कौन्सिल ती काढून घेईल, तिथे गाड्यांचा तळ होईल, अशी बातमी होती. म्हणून उताराच्या बरोबर मध्यावर उंच जाळीचं कुंपण घालायचं. वरची वाडी वाचवायची. खालची वाडी रानाला सोडून द्यायची. जेवढी जाळी मिळणार होती ती तेवढ्यालाच पुरत होती.

डेरेक गेल्यावर ताई शेडमध्ये बसल्या. वसंतरावांनी चहा केला. मी बाजूला बसलो होतो. ताईंनी कप हातात घेतला. मग म्हणाल्या, "हे मी पाहिलंय, निखिल. हे सगळं मी आधी पाहिलंय."

आणि त्यांनी गावची हकिगत सांगितली.

"आमच्या गावाची वरची वाडी म्हणजे बागायत. नारळ, केळी, पोफळी. आणि रानाच्या अगदी कडेला आमची बौद्धवाडी. वांदर यायचे रानातून. म्हणजे पहिला घास आमचा. आम्ही थाळ्या वाजवून, हाकारे घालून त्यांना वर पळवायचो. वरचे लोक कुत्री सोडायचे, फटाके लावायचे, आणि अख्खी टोळी परत खाली आमच्या भोपळ्यांवर. वर्षानुवर्षं हेच. वांदर वर जातायत, खाली येतायत, दोन्हीकडे खातायत. दोन्ही वाड्यांना वाटतंय, आपण हाकलले. अरे, हाकलले कुठे? शेजाऱ्याच्या ताटात लोटले!"

"मग?"

"माझे बाबा फौजेतून परत आले होते. त्यांनी वाडीची बैठक घेतली. म्हणाले, यंदा काही लावायचं नाही. वाल नाही, भोपळा नाही, काकडी नाही. आणि हाकारे पण घालायचे नाहीत. वाडीने ऐकलं. त्या वर्षी आम्ही काय खाल्लं ते विचारू नकोस. पण वांदरांना आमच्याकडे थांबायला काही राहिलंच नाही. गेले सरळ वर. केळीचे घड गेले, कोवळे नारळ गेले. दसऱ्याच्या आधी वरच्या वाडीची मोठी माणसं आमच्या अंगणात आली. पहिल्यांदाच. चटईवर बसली. म्हणाली, तुमची पोरं राखणीला पाठवा, मजुरी देऊ."

"मग बाबांनी पाठवली?"

"बाबा म्हणाले, राखण करू, मजुरी नको. पण जोडीने. एक माणूस तुमचा, एक आमचा. तुमच्या बागेतही, आमच्या बांधावरही. लय कुरकुर झाली. पण वांदर काय थांबतायत होय कुरकुरीसाठी? झालं कबूल. मी नऊ-दहा वर्षांची. माझी जोडी लागली वरच्या वाडीतल्या शालूशी. दोघी राखणीच्या एका माळ्यावर बसायचो, रानाकडे तोंड करून. सुरुवातीला ती जेवताना माझ्याकडे पाठ फिरवायची. पण माझ्या डब्यात असायची जवळ्याची चटणी. वास असा खमंग! किती दिवस पाठ फिरवेल? एक दिवस वळलीच. म्हणाली, जरा दे की गं." ताई खळखळून हसल्या. "अजून फोन करते मला. चटणी कशी करू विचारते."

हसता हसता त्या एकदम थांबल्या. "पुढच्या वर्षी भोपळे इतके आले की आम्ही वरच्या वाडीला नेऊन दिले. वांदरांनी आम्हाला जे शिकवलं ते शंभर भाषणांनी शिकवलं नसतं. आता इथे येऊन मी खालची वाडी सोडून देऊ? ब्रिजेटला सांगू, जा घरी?"

पुढच्या रविवारी ताईंनी मला बोलावलं आणि हातात कपडे वाळत घालायच्या दोरीचं बंडल दिलं. आम्ही दोघांनी चिखल तुडवत सगळी हद्द फिरून काढली. एका अंगाला शाळेचे उंच गज होते, दुसऱ्या अंगाला जुनी विटांची भिंत. भेकरं यायची ती फक्त तळातून, झाडीकडून. दोरी धरून आम्ही आधी मधली रेघ मोजली, मग तळाची. ताईंचा चेहरा उजळत गेला.

"कुणाला बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "आपण मोजलेलं ते ऐकतील, पण त्यांनी स्वतः मोजलं तर विसरणार नाहीत."

कमिटीची सभा त्यानंतरच्या रविवारी सकाळी, अलॉटमेंटच्या फाटकासमोरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये होती. डेरेकने योजना वाचून दाखवली. हा काही वाईट माणूस नव्हता. त्याला ते वाचताना त्रास होत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. मग ब्रिजेट अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझा मायकेल होता तेव्हापासून तो वाफा आमचा आहे. त्याने लावलेली लाल करवंदं आहेत तिथे. मला वर नवा वाफा देताय, ठीक आहे. पण ती झुडपं वर कशी आणू?" रेडकरंटच्या आंबटगोड फळांना ताई लाल करवंदं म्हणायच्या, म्हणून आता सगळेच तसं म्हणत.

कुणीतरी म्हणालं, सगळ्यांनाच थोडंफार सोडावं लागतं. दुसरं कुणी म्हणालं, खालच्यांना आधीपासून माहीत होतं तिथे हरणं येतात. आवाज चढले. ताई उठल्या.

"एव्हरीबडी," त्या म्हणाल्या, "ब्रीद इन."

सभागृहातल्या सगळ्या माणसांनी श्वास घेतला.

"होल्ड."

सगळ्यांनी धरला. डेरेकने पण.

"अँड रिलॅक्स. आता मला एक सांगा. मध्यावर जाळी घातलीत, तर हरणं कुठे येऊन थांबतील? जाळीला नाक लावून. मग खालची वाडी त्यांची, आणि वरची पहिली ओळ नवी खालची वाडी. पुढच्या वर्षी तिलाही जाऊ द्या म्हणाल. असं करत करत डेरेक, तू एक दिवस फाटकावर एकटा कोबी राखत बसशील."

लोक हसले. डेरेक हसला नाही. "सुमन, मला कळतंय," तो म्हणाला. "पण जाळी तेवढीच आहे."

"मग मत घ्यायच्या आधी खाली चला. सगळे. आत्ता."

आणि लोक उठले. पंचवीसएक माणसं, बऱ्याच जणांच्या पायात चांगले रविवारचे बूट, त्या उतारावरून खाली आली. वरच्या वाडीतली काही माणसं इतक्या वर्षांत तळापर्यंत कधी आलीच नव्हती. ताईंनी दोरीचं एक टोक डेरेकच्या हातात दिलं. "आधी मध्यावर," त्या म्हणाल्या. डेरेक लांब लांब ढांगा टाकत शाळेच्या गजांकडून भिंतीकडे निघाला. दोरी संपली तरी भिंत बरीच लांब होती. "आता तळाला." डेरेक पुन्हा निघाला. या खेपेला तो भिंतीला टेकला तरी त्याच्या हातात दोरीचं टोक लोंबत उरलं होतं.

ती जमीन सुपासारखी होती. फाटकाकडे रुंद, झाडीकडे अरुंद. तळाशी कुंपण घातलं तर सगळी जमीन आत येत होती आणि जाळी उलट कमी लागत होती.

डेरेक हातातल्या टोकाकडे पाहत राहिला. मग त्याने ते उंच धरून सगळ्यांना दाखवलं, आणि टोपी काढून आधी ब्रिजेटकडे गेला. "तुझी करवंदं हलवावी लागणार नाहीत," तो तिला म्हणाला. मत घ्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. त्या गर्दीत चिखलात उभ्या असलेल्या ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बघितलंस? सगळे खाली आले की वाडी एकच असते."

मग सुरू झालं काम. मिल्टन कीन्सची माती म्हणजे कुंभाराने जपून ठेवावी अशी चिकण. कुदळ आत जाते, बाहेर येत नाही. भेकर जाळीवरून उडी मारत बसत नाही, खालून मुसंडी मारतं, म्हणून जाळीचा खालचा काठ बाहेरच्या बाजूला दुमडून मातीत पुरायचा होता. दर शनिवार-रविवार माणसं येत. ताईंनी जोड्या लावल्या, एक वरच्या वाडीतला, एक खालच्या. सोमाली टॅक्सीवाला आणि त्याच्याशी आजवर एक शब्द न बोललेले एक निवृत्त बँक मॅनेजर एकाच खड्ड्यात घाम गाळू लागले. वसंतराव गॅसच्या शेगडीवर कांदाभजी तळत आणि न बोलता एकेकाच्या हातात ठेवत. माझं मुरगळलेलं मनगट त्या महिन्यात असं मजबूत झालं, की तसं पूर्वी कधीच नव्हतं.

शेवटच्या शनिवारी दुपारी, आता एकाच खांबाचं अंतर उरलेलं असताना, ब्रिजेट ओरडली. ओसाड वाफ्यातल्या काटेरी झुडपांत एक भेकर बसलं होतं. कुंपण पूर्ण व्हायला आलं होतं आणि चोर आत!

एकजण म्हणाला, बंदूकवाल्याला बोलावू. ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं वाक्य गिळून भजी खाऊ लागला. "आपण अख्खा महिना खणलं ते त्याला मारायला नाही," त्या म्हणाल्या. "तो घरी जाईल. आपण त्याला वाट दाखवू. थाळ्या आणा, झाकणं आणा, बादल्या आणा!"

त्यांनी वरच्या अंगाला माणसांची आडवी रांग लावली, शाळेच्या गजांपासून भिंतीपर्यंत. समोर तळाशी ते एकच मोकळं अंतर. मग दोन्ही हात तोंडापाशी नेऊन ताईंनी आरोळी ठोकली. "हाऽऽऽ हुर्र हुर्र हुर्रऽऽ!" चिपळूणच्या डोंगरातली ती आरोळी बकिंगहॅमशायरच्या मातीवर कडाडली आणि मागोमाग सगळ्यांनी झाकणं बडवायला सुरुवात केली. बँक मॅनेजर बादली वाजवत होते. ब्रिजेट दोन पातेल्यांची टाळी वाजवत गात होती. युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आलेली ताईंची मुलगी मेघना ओरडली, "आई, तो इकडे पळाली!"

"पळाला गं, पळाला! व्याकरण नंतर, आधी झाकण वाजव!"

भेकर झुडपांतून सुटलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, डेरेकच्या दोन पायांच्या जवळजवळ मधून, बीन्सच्या काठ्या उधळत खाली. मोकळ्या जागेपाशी पोचून ते थांबलं. मान वळवून त्याने सगळ्या रांगेकडे एकवार पाहिलं, एकदा भुंकलं, आणि शेपटीचं पांढरं उडवत झाडीत गेलं.

"गेट इट शट!" डेरेक गरजला. दहा-बारा हातांनी जाळी ओढली. शेवटचा खांब ठोकायला त्याने घण ताईंच्या हातात दिला. ताईंनी पदर नसताना पदर खोचल्यासारखं केलं आणि असे दणके दिले की झाडीतली कबुतरं उडाली. त्या जाळीला टेकून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या गालावर चिखल होता, आणि डोळ्यांत पाणी. वसंतरावांनी पुढे होऊन त्यांच्या गालावरचा चिखल पुसला आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, म्हणाले, "सुमन, जिंकलीस."

त्या उन्हाळ्यात खालची वाडी अशी बहरली की वरचे लोक संध्याकाळी तिथे फिरायला यायचे. ओसाड तुकडे साफ झाले, त्यांना नवी माणसं मिळाली, आणि मग नावं नोंदवून वाट बघणारी माणसं आली. गाड्यांच्या तळाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. ताईंच्या वालाला शेंगा लागल्या तेव्हा त्यांनी शालूला चिपळूणला फोन लावला आणि शेडमधून सगळ्या अलॉटमेंटला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बहुतेक चिपळूणला फोनशिवायही ऐकू गेलं असेल. ब्रिजेटने लाल करवंदांचा मुरंबा करून प्रत्येक वाफ्याला एकेक बाटली वाटली. शरद ऋतूतल्या प्रदर्शनात ताईंच्या लाल भोपळ्याला बक्षीस मिळालं नाही. तो टेबलावर मावलाच नाही. पण बक्षीस मिळालेला माणूस स्वतः येऊन त्यांच्या भोपळ्याशेजारी फोटो काढून गेला.

दुसऱ्या वर्षी माझ्या कंपनीने मला बेसिंगस्टोकला पाठवलं. सामान गाडीत भरून मी निघालो ती शनिवारची सकाळ होती. ताईंना आदल्या दिवशीच भेटून आलो होतो. त्यांना घाई होती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अलॉटमेंटवाल्यांनी त्यांना बोलावलं होतं, तिथे सशांनी धुमाकूळ घातला होता.

गावाबाहेरच्या मोठ्या राउंडअबाउटवर मी थांबलो तर समोरून डेरेकची पांढरी व्हॅन आली. टपावर जाळीची गुंडाळी बांधलेली. डेरेक स्टिअरिंगवर, शेजारी सुमनताई, लोकरीची टोपी घालून, हात खिडकीबाहेर काढून काहीतरी जोरात समजावून देत. त्या बोलण्याच्या भरात दोघांचं वळण चुकलं. व्हॅन माझ्यासमोरून अख्खा वेढा घालून पुन्हा आली. या खेपेला ताईंनी मला पाहिलं. त्या कमरेपर्यंत खिडकीबाहेर आल्या, दारावर थाप मारली आणि काहीतरी ओरडल्या. माझ्या बंद काचेतून ते मला कळलं नाही. मी काच खाली घेतली तोवर डेरेकने हॉर्न वाजवून बरोबर वळण पकडलं होतं आणि व्हॅन उन्हात चकाकत, जाळी खडखडवत, सशांच्या दिशेने निघून गेली होती.